लठ्ठपणा रोखायला राज्य सरकारच्या हातात नक्की काय आहे?

मीठभाकर

मागच्या आठवड्यात मुलाच्या शाळेतून आरोग्यपत्रिका आली. सहावीत आहे. उंची १४२, वजन ५१, दात ठीक, डोळे ठीक आणि शेवटच्या ओळीत लाल शाईत एकच शब्द: स्थूल. पुढे काय करायचं, कुणाला दाखवायचं, काही नाही. खाली पालकांच्या सहीची रेघ. मी सही केली. दप्तरात ठेवण्याआधी त्याने त्या कार्डाच्या घड्या घालून घालून ते काडेपेटीएवढं केलं. ते काही डोळ्यासमोरून हलत नाही.

म्हणून शोधत बसले की या बाबतीत आपलं राज्य सरकार करतं तरी काय. हाती लागलं ते असं. ८ मे २०१७ चा शासन निर्णय: शाळेच्या उपाहारगृहात चिप्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, थंड पेयं, केक, बिस्किटं विकायची नाहीत. मग एफएसएसएआयचे (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नियम, ४ सप्टेंबर २०२० ला अधिसूचित आणि १ जुलै २०२१ पासून लागू: असले पदार्थ फाटकापासून ५० मीटरच्या आतही नकोत. नियम केंद्राचे, राबवायचे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने. जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत घोषणा झाली की जास्त कॅफीनची एनर्जी ड्रिंक्स शाळेच्या ५०० मीटर परिसरात विकू देणार नाही. म्हणजे ५० चे ५०० झाले. मी काल मोजून आले. फाटकापासून पहिल्या टपरीपर्यंत ३८ पावलं. माझी पावलं लहान आहेत.

खरं सांगते, मी 'बंदीच घाला' पक्षातली होते. पण ही यादी बघून वाटलं, सगळी गाडी 'विकू नका' वरच अडलीय. शाळेचं वेळापत्रक, मैदान, खिचडी, पी.टी.चे शिक्षक, गावचा दवाखाना हे सगळं राज्याच्या ताब्यात. तिथे लठ्ठपणा हा शब्द कुठे दिसत नाही. की आहे आणि मलाच सापडला नाही? जाणकारांनी सांगा. घरी काय शिजवावं याच्या सूचना नकोत, त्या सासूबाई देतात.

पडीक_वाचक

बसलो. शेंगदाणे घेऊन. विषयाचा मान राखून मोजून वीस.

तात्या_टेंभुर्णीकर

ताई, राग मानू नका, पण यात सरकार आलं कुठून? पोराच्या हातात दहाची नोट कोण ठेवतं? आपणच. जेवताना मोबाईल कोण देतं? आपणच. आम्ही शाळेला तीन कोस चालत जायचो (हो, माहितीये, प्रत्येक म्हातारा हेच म्हणतो, पण म्हणून ते खोटं होत नाही). सरकारला एकदा ताटात हात घालू दिला की उद्या पुरणपोळीवर तूप किती ते सुद्धा तेच ठरवणार. जुलै २०२५ मध्ये नाही का समोसा-जिलबीवर सिगारेटसारखा इशारा छापणार म्हणून बोंबाबोंब झाली, नागपूरच्या एम्सचं नाव आलं. शेवटी केंद्राने खुलासा केला, की बाबांनो, असला इशाराबिशारा काही नाही, कचेऱ्यांत तेल-साखरेचे माहितीफलक लावा एवढंच म्हटलंय.

मीठभाकर

तात्या, दहाची नोट मी देत नाही. ती त्याच्या मित्राकडे असते, आणि मित्र दिलदार आहे.

आणि तुमच्याकडे तीन कोस रस्ता तरी होता. आमची शाळा सव्वा किलोमीटरवर आहे. मध्ये चौपदरी रस्ता, फूटपाथवर दुचाक्या, म्हणून मुलगा व्हॅनने जातो. सव्वा किलोमीटर! सरकार ताटात यायच्या आधी रस्त्यावर आलं असतं तरी चाललं असतं.

दप्तरदिरंगाई

मी अन्न व औषध प्रशासनातून निवृत्त झालो. जिल्हा विचारू नका.

५० मीटरचा नियम वाचायला छान आहे. आमचं सगळं शिक्षण मात्र भेसळ पकडण्याचं. नमुना घ्यायचा, चार भाग करायचे, सील, पंचनामा, प्रयोगशाळा, विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा. दुधात युरिया, मसाल्यात रंग, खव्यात स्टार्च सापडला की खटला. पण वेफरच्या पुडीत मीठ जास्त आहे, यात भेसळ कसली? ते तर पुडीवर छापून दिलेलं असतं. २०२० च्या नियमात 'सॅच्युरेटेड फॅट, ट्रान्स फॅट, वरून घातलेली साखर किंवा सोडियम जास्त असलेले पदार्थ' अशी शब्दांत व्याख्या आहे. जास्त म्हणजे शंभर ग्रॅममागे किती, तो आकडा नाही. आकडा नसला की समोरचा वकील पहिल्याच तारखेला आम्हाला झोपवतो.

एकदा मी खरंच टेप घेऊन गेलो होतो. मुख्याध्यापकांची लेखी तक्रार होती. फाटकापासून टपरी ४४ मीटर भरली. टपरीवाला शांतपणे म्हणाला, "साहेब, हे फाटक पंधरा ऑगस्टलाच उघडतं. पोरं मागनं येतात. तिकडनं मोजा." मागून मोजलं तर सत्तरच्या वर. मुख्याध्यापक माझ्याकडे बघतायत, मी टेपकडे. नियमात 'शाळेचं फाटक' एवढंच आहे, पुढचं की मागचं ते नाही. टेप गुंडाळली, समज देऊन परत आलो. दोन तालुके माझ्याकडे होते आणि त्याच आठवड्यात दिवाळीचा खवा यायचा होता.

पुडीवर दर्शनी बाजूला ठळक इशारा आला तर आम्हा लोकांचं काम सोपं होईल, शिक्का दिसला की बंदी. चिलीने २०१६ पासून काळे अष्टकोनी शिक्के मारलेत. आपल्याकडे सप्टेंबर २०२२ च्या मसुद्यात शिक्क्याऐवजी तारे काढले, अर्ध्यापासून पाचपर्यंत. म्हणजे सगळ्यात वाईटालाही अर्धा तारा बक्षीस. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं. पण तेही केंद्राचं काम, राज्याने नुसती वाट बघायची.

पडीक_वाचक

"पंधरा ऑगस्टलाच उघडतं" ला दंडवत.

करकचून

वर सगळे बंदीबद्दल बोलतायत. कराबद्दल कुणीच नाही, म्हणून माझ्या धंद्यातलं सांगतो.

राज्यांकडे एक खरं हत्यार होतं. जुलै २०१६ मध्ये केरळचे अर्थमंत्री थॉमस आयझॅक यांनी ब्रँडेड रेस्टॉरंटमधल्या पिझ्झा, बर्गर वगैरेंवर १४.५ टक्के 'फॅट टॅक्स' लावला. लोक हसले. अशी दुकानं मोजकी, केरळात खरं तेल जातं केळ्याच्या चिप्समध्ये आणि परोट्यात, त्यांना हात नाही. टीका रास्तच होती. पण मुद्दा असा की तेव्हा राज्य स्वतःच्या विधानसभेत असं काही करू शकत होतं, फसलं तर बदलू शकत होतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तो कर त्यात विरून गेला. वर्षभर सुद्धा टिकला नाही.

आता महाराष्ट्राला उद्या वाटलं की गोड पेयांवर जादा कर लावू, तर एकट्याने लावता येत नाही. जीएसटी परिषदेत तीन चतुर्थांश मतं लागतात. केंद्राचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश. म्हणजे केंद्राशिवाय काहीच होत नाही, आणि एकटं राज्य तर खिजगणतीतही नाही.

आणि परिषदेने केलं काय? २२ सप्टेंबर २०२५ पासून थंड पेयं ४० टक्क्यांत. सगळीकडे मथळे, 'साखरेवर जबर कर'. अहो, आधी २८ अधिक १२ उपकर होताच की. बेरीज करा. त्याच दिवशी बिस्किटं, केक, चॉकलेट, आईस्क्रीम १८ वरून ५ वर. फरसाण आणि झटपट नूडल्स १२ वरून ५ वर. त्याच वर्षी फेब्रुवारीत पंतप्रधान 'मन की बात' मध्ये तेल १० टक्के कमी खा म्हणाले होते. एक हात सल्ला देतोय, दुसरा सवलत.

कर लावून लोक सुधारतात का, तर नीट लावला तर थोडे सुधारतात. मेक्सिकोने २०१४ पासून गोड पेयांवर लिटरमागे १ पेसो लावला, खप घटला. डेन्मार्कने ऑक्टोबर २०११ मध्ये चरबीवर लावला, लोक लोणी आणायला सीमेपलीकडे जर्मनीत जाऊ लागले, जानेवारी २०१३ ला तो रद्दच झाला.

तात्या_टेंभुर्णीकर

बघा. डेन्मार्कचे लोक पण आपल्यासारखेच निघाले. बरं वाटलं.

शेवंता

मी अंगणवाडी सेविका आहे, नंदुरबारकडची. नेहमी वाचते, लिहिते कमी.

आमच्या ॲपमध्ये वजन-उंची भरली की पोराचा रंग येतो. इतकी वर्षं आम्हाला दोनच गोष्टी शिकवल्या, सॅम आणि मॅम, म्हणजे तीव्र कुपोषित आणि मध्यम कुपोषित. सॅम निघालं की काय करायचं ते झोपेतही सांगू. गेल्या वर्षी एक पोरगं उलट्या बाजूला गेलं. गावातल्या दुकानदाराचं, साडेतीन वर्षांचं. पर्यवेक्षिका बाई म्हणाल्या, "शेवंता, चुकीचं भरलंस, परत वजन कर." परत केलं, तेवढंच. तिसऱ्यांदा काटा बदलून केलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "याचं काय करायचं असतं गं?" मला माहीत नाही, त्यांनाही माहीत नाही. शेवटी त्याच्या आईला सांगितलं की दुकानातलं देऊ नका. ती हसली. म्हणाली, बाई, तुम्ही तर वजन वाढवा म्हणून मागे लागायच्या.

लठ्ठपणाच्या योजनेची कागदं खाली येतील तेव्हा येतील. पण आमच्या वाडीत त्या एका पोराच्या मागे पंधरा हाडकुळी आहेत, हे वर कुणीतरी लक्षात ठेवा.

नाडीपरीक्षा

शेवंताताईंनी जे लिहिलंय ते आख्ख्या राज्याचं चित्र आहे. पाचवी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१, महाराष्ट्र, पाच वर्षांखालची मुलं: ३५.२ टक्के खुजी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने हडकलेली आणि ४.१ टक्के जादा वजनाची. हा शेवटचा आकडा आधीच्या पाहणीत १.९ होता. लहान आहे, पण दुप्पट झाला. प्रौढांचं देशभरातलं बघा: बायकांत जादा वजन वा लठ्ठपणा २०.६ वरून २४.० टक्के, पुरुषांत १८.९ वरून २२.९. दोन्ही टोकं एकाच तालुक्यात, कधीकधी एकाच घरात.

आणि ही टोकं वेगळी नाहीत. हे जगाला पुण्याने दाखवलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बाळंतपणांचा अभ्यास केला. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीनची. पण कातडीखालची चरबी मोजली तर ती काही त्या प्रमाणात कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. 'बारीक पण चरबीयुक्त' बाळ. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, त्याचा आकडा) २२.३, अगदी एकच. चरबी युडकिनच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. म्हणून आपल्यासाठी जादा वजनाची रेघ २५ वर नाही, २३ वर ओढतात, आणि कमरेचा घेर पुरुषात ९०, बाईत ८० सेंटिमीटर.

याचा सरकारी धोरणाशी संबंध? लठ्ठपणाचं काम सहावीच्या आरोग्यपत्रिकेपासून सुरू केलं तर बारा वर्षं उशीर झाला. ते शेवंताताईंच्या अंगणवाडीत, खरं तर त्याच्याही आधी, लग्न न झालेल्या मुलीच्या ताटापासून सुरू होतं. कुपोषणाचं खातं आणि मधुमेहाचं खातं वेगवेगळ्या मजल्यावर बसतात, हीच अडचण.

मोठ्यांचं म्हणाल तर यंत्रणा आहे, लोकांना माहीत नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा फॉर्म आशाताई घरी येऊन भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कुणाला साखर आणि टेपने कमरेचा घेर. गुण चारच्या वर गेले की तपासणीला पाठवायचं. बीपीची, साखरेची गोळी केंद्रात मिळते. पण ज्याची साखर अजून नॉर्मल आहे आणि पोट सुटलंय, त्याला देण्यासारखं त्या केंद्रात काही नाही. "चालत जा" एवढं आम्ही सांगतो. कुठे चालू, असं त्याने विचारलं की आम्ही पुढचा पेशंट बोलावतो.

ओवाळणी

याच्यासाठी राज्याने मोहीम केली होती ना? डॉ. जगन्नाथ दीक्षितांना दूत नेमलं होतं. आमच्या सोसायटीत अर्धी बिल्डिंग दोनदा जेवणारी आणि अर्धी दर दोन तासांनी. हळदीकुंकवाला सुद्धा दोन पंक्ती.

पडीक_वाचक

दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत. मी एकदाच जेवतो. सकाळी आठ ते रात्री दहा.

संपादक

दीक्षित विरुद्ध दिवेकर यावर आधीचे चार धागे आहेत, त्यातले दोन कुलूपबंद आहेत. कृपया इथे नको.

गाडीवरचा_पोर

फाटकासमोरची जी टपरी तुम्ही सगळे मोजताय ना, तशी एक माझ्या वडिलांची होती. वडापाव आणि भजी. छोट्या सुट्टीत दहा मिनिटं झुंबड, बाकी दिवसभर रिक्षावाले. त्या गाडीवर मी इंजिनिअर झालो, बहीण नर्स झाली. म्हणून जरा टोचतं.

वडापाव काही सात्त्विक नव्हता, मान्य. पण तो खाल्ला की पोरगं दुसरं काही मागत नव्हतं. नंतर पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा आल्या. एजंट स्वतः येऊन तार बांधून, माळ लटकवून जायचा. वडिलांना एका पुडीत चिल्लर सुटायची, पण बटाटे उकडायला नकोत, कांदा चिरायला नको, पहाटे चारला उठायला नको. दोन वर्षांत अर्धी गाडी पुड्यांनी भरली. मग एक दिवस नगरपालिकेची गाडी आली आणि कढई उचलून घेऊन गेली. कढईच. पुड्यांच्या माळा वडिलांनी स्वतः काढून शेजारच्या किराणा दुकानदाराला दिल्या. त्याला पक्कं दुकान, त्याला कोण हलवणार. अजून तिथेच लटकतायत.

माझं म्हणणं एवढंच. गाडीवाल्याला हलवण्यापेक्षा कामाला लावा. उकडलेली अंडी, चणे, केळी, भाजलेलं कणीस विकणाऱ्याला फाटकाजवळची जागा द्या, परवाना द्या, फी माफ करा. बापाने आनंदाने केलं असतं. अंड्याला तेल तापवावं लागत नाही.

दप्तरदिरंगाई

पटलं. आणि खरं सांगू का, त्या कढईवर कारवाई करणं आम्हाला सोपं जायचं म्हणूनच व्हायची. एजंटवर कारवाई केल्याचं मला एकही आठवत नाही.

खडूफळा

अंड्यावरून आठवलं. मी जिल्हा परिषद शाळेत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं किंवा केळं सुरू केलं. बुधवारी हजेरी वाढलेली मी स्वतःच्या रजिस्टरात बघितलीय. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद झाला, हवं तर लोकसहभागातून द्या म्हणे. आमचा लोकसहभाग म्हणजे आम्ही तीन शिक्षक.

आणि त्याच २०२५ मध्ये वरून सूचना, पोषण आहारात तेल १० टक्के कमी करा, लठ्ठपणा वाढतोय. पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला तेल किती असतं माहितीये? ५ ग्रॅम. म्हणजे अर्धा ग्रॅम वाचवायचा. शंभर पोरांची खिचडी करणाऱ्या ताईंना मी हे समजावून सांगितलं. त्या पळी हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिल्या.

मीठभाकर

खडूफळा, अंडं काढून घेतलं आणि तेलाचा थेंब मोजायला लावला. खरंच अवघड आहे. मला हे माहीतच नव्हतं, आमच्याकडे खाजगी शाळा, डबा घरून.

अटलांटिकपार

ताई, तुमच्या त्या लाल शाईबद्दल लिहायचं होतं.

हा प्रयोग इथे अमेरिकेत एका राज्याने वीस वर्षांपूर्वी केलाय. अर्कान्सा. २००३ चा कायदा क्रमांक १२२०. राज्यातल्या सगळ्या सरकारी शाळांत मुलांची वजन-उंची मोजायची आणि बीएमआयचं पत्र बंद पाकिटात पालकांकडे. त्याच कायद्याने प्राथमिक शाळांतून पेयांची-खाऊची यंत्रंही काढली. खूप गाजावाजा झाला, इतर राज्यांनी कित्ता गिरवला. प्रमाण मात्र नंतर फारसं खाली आलं नाही. पुढे कॅलिफोर्नियात ७९ शाळांत नीट चाचणी घेतली: काही शाळांत मोजून पत्र पाठवायचं, काहींत नुसतं मोजायचं, काहींत मोजायचंच नाही. पत्राने वजनात काहीही फरक पडला नाही. फरक पडला तो वेगळाच, ज्यांना शाळेत मोजलं ती मुलं स्वतःच्या अंगाबद्दल जास्त नाखूश झाली.

तुमच्या मुलाने कार्डाची काडेपेटी केली, ती तिथल्या संशोधकांच्या तक्त्यात आहे म्हणा ना.

मोजू नये असं नाही. राज्याला मैदान कुठे कमी आहे, कुठल्या तालुक्यात आकडा चढतोय हे कळायला मोजावंच लागेल. पण तो आकडा वर जाऊ द्या, लाल शाईने घरी नको. घरी पाठवायचाच तर सोबत दवाखान्याची वेळ आणि माणसाचं नाव पाठवा.

मीठभाकर

हे वाचून दोन मिनिटं बसून राहिले. धन्यवाद.

पी_टी_सर

उशिरा आलो, स्पर्धा चालू होत्या. आता माझ्या खात्याचं.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पाच ते सतरा वयाच्या मुलाने रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल असं काहीतरी करावं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान आहे. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असली की आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशकही आहे. कागद बळकट आहे. आता माझ्या शाळेचं सांगतो. माझ्याकडे नऊशे मुलं आणि मी एकटा. वेळापत्रकात प्रत्येक वर्गाला आठवड्याला दोन तास. त्यातला एक गणिताच्या बाई घेतात, डिसेंबरनंतर दोन्ही. मैदानाचा तिसरा हिस्सा संस्थेच्या गाड्यांना. साहित्याच्या कपाटाची चावी कार्यालयात, कारकून रजेवर असला की कपाटही रजेवर. फुटबॉल तीन, त्यातले दोन बसलेले. म्हणून मी लंगडी, खो-खो घेतो, त्याला चावी लागत नाही.

माझं खरं दुखणं वेगळं आहे. खेळाच्या तासाला कोण खेळतं? जो आधीच चपळ आहे तो. संघ निवडताना जाड मुलगा शेवटी उरतो, मग तो स्वतःच येऊन म्हणतो, "सर, मी स्कोअर लिहितो." पंचवीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. पोरगं हुशार असतं, अक्षर चांगलं असतं, वही-पेन घेऊन कडुनिंबाखाली बसतं. ज्याला त्या तासाची सगळ्यात जास्त गरज आहे तो सावलीत. आणि मीही वर्षानुवर्षं बसू दिलं, कारण स्कोअर लिहायला कुणीतरी हवंच होतं.

राज्याचं सगळं क्रीडा धोरण पदकासाठी आहे. सवलतीचे गुण कुणाला? जिल्ह्याला, राज्याला खेळला त्याला. जो पहिल्यांदा मैदानाला एक फेरी न थांबता पळाला, त्याचा कुठल्या फॉर्मात रकानाच नाही. एक रकाना काढा, बाकी आम्ही बघतो. आणि संध्याकाळी पाच ते सात शाळेची मैदानं वस्तीतल्या पोरांना उघडी ठेवा, एका पहारेकऱ्याच्या पगारात होतं. त्याला ना जीएसटी परिषद लागते, ना टेप.

करकचून

वा सर. हे खरंच राज्याच्या एकट्याच्या हातात आहे.

तात्या_टेंभुर्णीकर

सर, तुमच्यासाठी शब्द मागे घेतो. फूटपाथ आणि मैदान सरकारने द्यावं. ताट माझं.

नाडीपरीक्षा

पी_टी_सर, तुमचा कडुनिंब आमच्या ओपीडीत वीस वर्षांनी येतो. गुडघे धरून.

मीठभाकर

सर, एक विचारू? माझा मुलगा स्कोअर लिहितो. मी काल त्याला सहज विचारलं तर म्हणाला, "हो मग, माझ्याशिवाय मॅच सुरूच होत नाही." त्याला त्याचा अभिमान आहे, तो मोडायचा नाहीये मला. तुम्ही अशा मुलांचं आता काय करता?

पी_टी_सर

ताई, वही काढून घेत नाही. वरून शिट्टी देतो. खो-खोला दोन पंच लागतात, मधल्या पाटीच्या दोन्ही बाजूंना एकेक. पाठलाग करणारा जिकडे वळेल तिकडे पंचालाही जावं लागतं, या खांबापासून त्या खांबापर्यंत, नाहीतर निर्णय चुकतो आणि पोरं अंगावर येतात. डाव संपेपर्यंत आपण किती पळालो हे त्याच्या लक्षातही येत नाही. पहिल्या दिवशी दोन डावांत बसतात. महिन्याने चार करतात. वजनाचं मी कधी बोलत नाही, नियम पाठ करून घेतो. वाद घालायला मिळतो म्हणून ही पोरं नियम फार लवकर शिकतात.

तुमच्या मुलाच्या सरांना माझं नाव न सांगता सुचवून बघा.

मीठभाकर

सुचवलं. सर तयार झाले, पण शाळेची शिट्टी त्या कपाटात आहे आणि चावी... असो. आम्ही काल संध्याकाळी जाऊन विकत आणली. दोरीसकट. रात्री जेवताना गळ्यातच होती आणि आजीला दोनदा फाऊल दिला, ताटात हात घातला म्हणून.

पडीक_वाचक

तात्या, ऐकताय ना?